वैद्यकीय महाविद्यालय नगरला, शिकवणं चौदा तालुक्यांत

6 मे 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक मुंबईऐवजी जामखेड तालुक्यातल्या चौंडीत झाली. अहिल्यादेवी होळकरांच्या तीनशेव्या जयंतीचं ते वर्ष आणि चौंडी हे त्यांचं जन्मगाव. त्या बैठकीत अहिल्यानगरला, म्हणजेच नगरला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झालं. दरवर्षी 100 विद्यार्थी, सोबत 430 खाटांचं रुग्णालय आणि खर्च सुमारे 485 कोटी रुपये. क्षेत्रफळात राज्यात पहिला असलेला हा जिल्हा. 17,048 चौरस किलोमीटर, चौदा तालुके आणि 2011 च्या जनगणनेत 45 लाखांवर माणसं. एवढ्या मोठ्या जिल्ह्याला तोवर सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. निर्णयाला उशीर झाला, पण झाला याचा आनंद आहे.

कुठलंही महाविद्यालय मंजूर झालं की पहिली ओढाताण जागेवरून होते. इमारत कुठे, कोणाच्या मतदारसंघात, महामार्गापासून किती आत. हे प्रश्न खोटे नाहीत. पण रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर खरा प्रश्न वेगळा आहे. या महाविद्यालयातली मुलं आजार शिकणार कुठे? पहिल्या वर्षाचं शरीरशास्त्र कुठल्याही इमारतीत शिकता येतं. दुसऱ्या वर्षापासून मुलगा वॉर्डात येतो, केस घेतो, राऊंडला सरांच्या मागे उभा राहतो. पुढची सगळी डॉक्टरकी तिथे घडते. तो वॉर्ड फक्त नगर शहरात असेल तर शहराला आणखी एक मोठी ओपीडी मिळेल. तो अकोल्यात, पाथर्डीत, कर्जतमध्ये, जामखेडमध्येही असेल तर जिल्ह्याची आरोग्यसेवा बदलू शकते. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे, आणि त्यासाठी जिल्ह्यातच मागे वळून पाहण्यासारखं बरंच आहे.

वैद्यकीय शिक्षण नगरला नवं नाही. वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांच्या प्रयत्नांतून इथे 1917 साली आयुर्वेद महाविद्यालय उभं राहिलं आणि ते आजही त्यांच्याच नावाने चालू आहे. अमेरिकन मराठी मिशन तर 1831 पासून नगरमध्ये होतं. शाळांच्या मागोमाग त्यांचे दवाखाने आले. मिशनचं शहरातलं रुग्णालय पुढे साल्व्हेशन आर्मीकडे गेलं आणि 'बूथ हॉस्पिटल' म्हणून नगरकरांच्या तोंडी बसलं. 2020 च्या करोनाच्या पहिल्या लाटेत या जुन्या रुग्णालयाने रुग्णांना जो आधार दिला तो शहर विसरलेलं नाही. नेवासे तालुक्यात वडाळ्याला मिशनचं आणखी एक रुग्णालय होतं. तिथे 1960 च्या दशकात वेल्लोरहून शिकून आलेलं एक तरुण डॉक्टर जोडपं काम करत होतं, रजनीकांत आणि मेबल आरोळे.

वडाळ्याला आरोळ्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. जुलाब, न्यूमोनिया, बाळंतपणातला रक्तस्राव, क्षय यांनी आजारी पडलेली माणसं येत, बरी होत, आणि काही महिन्यांनी त्याच गावातून तोच आजार घेऊन पुन्हा येत. रुग्णालयाच्या दारात बसून हे चक्र थांबणार नव्हतं. दोघं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला गेले, सार्वजनिक आरोग्य शिकले आणि 1970 मध्ये जामखेडला आले. सुरुवात झाली ती जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत. पाठोपाठ 1972 चा दुष्काळ आला. गावं आरोग्याबद्दल बोलायलाच तयार नव्हती. पाणी आणि धान्य हेच त्यांचे प्रश्न होते. मग विहिरी खोदल्या गेल्या, मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरं चालली आणि जेवायला आलेल्या मुलांची वजनं होऊ लागली.

आधी त्यांनी शिकलेल्या नर्स गावात राहायला पाठवल्या. ते जमलं नाही. बाहेरून आलेल्या एकट्या मुलीला गावात राहणं अवघड, आणि बायका तिच्याशी मोकळेपणाने बोलत नव्हत्या. मग गावातलीच एक बाई निवडायची असं ठरलं. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित होत्या, काही जणींना नवऱ्याने टाकलेलं होतं. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, तिथेच मुक्काम करत आणि शिकून परत जात. या बायकांनी गरोदरपणातले धोके ओळखायला, जुलाबात मीठ-साखरेचं पाणी द्यायला, क्षयाच्या आणि कुष्ठरोगाच्या रुग्णाला गोळ्या चालू ठेवायला लावायला सुरुवात केली. जामखेडच्या गावांत 1971 मध्ये हजार जन्मांमागे 176 बालमृत्यू होत असल्याची नोंद आहे. काही वर्षांतच तो आकडा निम्म्याहूनही खाली आला. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 मध्ये जगभरच्या अशा प्रयोगांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. 1978 च्या अल्मा आटा परिषदेत 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा झाली तेव्हा तिच्यामागच्या अनुभवांत जामखेडचाही वाटा होता. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 2005 नंतर देशभर ज्या 'आशा' ताई दारोदार फिरू लागल्या, त्यांच्या मुळाशी असलेल्या कल्पनांपैकी एक या तालुक्यातली आहे.

जामखेडची ओळख सहसा आरोग्यप्रकल्प म्हणून सांगितली जाते. माझ्या दृष्टीने ती आधी शाळा आहे. जगातल्या अनेक देशांतले डॉक्टर, नर्स आणि कार्यकर्ते तिथे प्रशिक्षणाला येतात, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत गावातल्या त्या आरोग्यसेविकाही असतात. ज्या बाईने तीस वर्षं आपल्या गावातली बाळंतपणं पाहिली, ती परदेशी डॉक्टरला सांगते की पहिलटकरीण दवाखान्यात का जात नाही, सासू का अडवते आणि सासूशी बोलायचं कसं. नगरच्या नव्या महाविद्यालयात सामुदायिक आरोग्याचा विभाग असेलच. त्यातले निम्मे तास जामखेडच्या गावांत झाले, तर विद्यार्थ्यांना जे मिळेल ते पुस्तकात सापडणार नाही. चौंडी आणि ही गावं एकाच तालुक्यात आहेत. मंजुरी जिथे मिळाली तिथून धडा फार लांब नाही.

जिल्ह्याच्या उत्तरेला वेगळा मार्ग निघाला. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला. त्या परिसरात शाळा आणि कॉलेजं आली, मोठं ग्रामीण रुग्णालय आलं, 1984 मध्ये लोणीला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. 2003 मध्ये त्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पुढे नगरजवळ विळद घाटात विखे पाटील फाउंडेशनचं आणखी एक महाविद्यालय आलं. शिर्डीला साईबाबा संस्थानची रुग्णालयं आहेत. लोणीने एक गोष्ट सिद्ध केली, खेड्यात तज्ज्ञ डॉक्टर राहू शकतात. राहायला घर, मुलांना शाळा, काम करायला चांगलं ऑपरेशन थिएटर आणि शिकवायला विद्यार्थी मिळाले तर ते राहतात. यातला विद्यार्थ्यांचा भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. शिकवायला मिळणं ही चांगल्या डॉक्टरला टिकवून ठेवणारी मोठी गोष्ट आहे. पण खाजगी महाविद्यालयाची फी भरून शिकलेला मुलगा अकोले तालुक्यातल्या राजूरच्या ग्रामीण रुग्णालयात जाईल, ही अपेक्षा धरणं त्याच्यावर आणि राजूरवरही अन्याय करणारं आहे.

राजूरचंच पाहू. अकोले तालुक्याचा पश्चिम भाग म्हणजे सह्याद्रीचा माथा. भंडारदरा, रतनवाडी, हरिश्चंद्रगड. वस्ती महादेव कोळी आणि ठाकर समाजाची, पावसाळ्यात भाताची शेतं. अकोल्याहून नगर शंभराहून अधिक किलोमीटर. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. दुखत नाही, सूज येत नाही, कित्येकदा दाताची खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं म्हणून तो उठतो. घरचे म्हणतात, पित्त झालं. तासाभरात पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास मंदावतो. हे चित्र ज्या डॉक्टरने एकदा प्रत्यक्ष पाहिलंय तो पोटदुखीच्या तक्रारीतही पापण्या पाहतो, सर्पविषावरची लस सुरू करतो, श्वास थांबत आला तर अँबू बॅग हातात घेतो आणि रुग्ण जगतो. ज्याने ते फक्त वाचलंय तो पोटदुखीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवण्याची शक्यता असते.

घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर रक्त गोठत नाही, हे तपासायला मशीन लागत नाही. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरपी करायची. रक्त ओघळलं तर विष रक्तात भिनलंय. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. साबणाने धुतलेली नळीही चालत नाही, कारण साबणाचा अंश राहिला तर निष्कर्ष फसतो. ही चाचणी मध्यरात्री प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटा डॉक्टर करू शकतो. मात्र ती कुणीतरी त्याच्याकडून हाताने करून घेतलेली असावी लागते. नगरच्या मोठ्या रुग्णालयात जवळच पॅथॉलॉजीची लॅब असते, म्हणून तिथे ती कोणी करत नाही आणि विद्यार्थी ती न शिकताच बाहेर पडतो. शिकण्याची जागा बदलली की शिकलेलं बदलतं, ते असं.

महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासात याचं उत्तम उदाहरण कोकणात आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात काम करत होते. विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः मुलं, हृदय आणि फुप्फुस निकामी होऊन मरत. रुग्णाजवळ रात्ररात्र बसून, नोंदी ठेवून त्यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीचा उपयोग दाखवून दिला. 1986 मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्या दंशाचे मृत्यू झपाट्याने घटले आणि ही पद्धत जगभर गेली. हे ज्ञान एखाद्या मोठ्या संस्थेतून नव्हे, तर रुग्ण जिथे होते तिथून आलं. नगरच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला असे प्रश्न अजून पुष्कळ पडून आहेत. पाथर्डी-शेवगावहून उसाच्या तोडीला जाणाऱ्या बायकांचे आजार आहेत, कीटकनाशकाची विषबाधा आहे, अकोल्यातल्या मुलांचं कुपोषण आहे, संगमनेर-राहुरीच्या उसात बिबट्याच्या हल्ल्यात जखमी झालेली माणसं आहेत, नगर-मनमाड रस्त्यावरचे अपघात आहेत.

हा विचार नवा नाही. भोर समितीने 1946 मध्येच डॉक्टर समाजाचा असावा असं सांगितलं होतं. 1969 साली सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. तिथे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, मुलं सुरुवातीलाच गावात शिबिरासाठी राहतात, आणि पदव्युत्तर शिक्षणाआधी ग्रामीण सेवेची अट ठेवली गेली. 1970 च्या दशकाच्या मध्यावर मराठवाड्यात अंबाजोगाईला सरकारी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालं. 1977 मध्ये केंद्राने योजना आणली. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने आसपासच्या तीन विकासखंडांतल्या प्राथमिक केंद्रांची जबाबदारी घ्यायची आणि त्यासाठी मोठ्या फिरत्या गाड्या द्यायच्या. गाड्या आल्या, पण शिकवणारे प्राध्यापक त्यांत बसले नाहीत, आणि योजना थंडावली. यातून एक उघड झालं. मुलांना गावात पाठवून भागत नाही, गावात शिकवणारा असावा लागतो.

हे नेमकं जमवणारे देश आहेत. थायलंडने 1990 च्या दशकात खेड्यांसाठी डॉक्टर तयार करण्याचा कार्यक्रम आखला. ग्रामीण भागातली मुलं विद्यापीठात पहिली वर्षं शिकतात आणि क्लिनिकल वर्षांसाठी त्यांच्या भागातल्या प्रांतिक रुग्णालयात जातात. ते रुग्णालय आधी साधं सरकारी रुग्णालय होतं, शिक्षण सुरू झालं आणि ते शाळा झालं. ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स विद्यापीठाने 1997 मध्ये आठ विद्यार्थी वर्षभरासाठी रिव्हरलँड या ग्रामीण भागातल्या फॅमिली डॉक्टरांकडे पाठवले. घाबरणारे म्हणत होते, मुलं परीक्षेत मागे पडतील. 2004 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निष्कर्ष आले तेव्हा ही मुलं ॲडलेडच्या मोठ्या रुग्णालयात शिकलेल्यांपेक्षा मागे नव्हती, उलट पुढे होती. कारण तिथे एका रुग्णाभोवती पंधरा विद्यार्थी नसतात. बाळंतपण, फ्रॅक्चर, तान्ह्याचा ताप हे सगळं एकाच आठवड्यात, एकाच घरच्या माणसांत पाहायला मिळतं. पुढे 2000 नंतर ऑस्ट्रेलियन सरकारने देशभर ग्रामीण क्लिनिकल शाळा उभ्या केल्या. 2005 मध्ये सुरू झालेली कॅनडातली नॉर्दर्न ऑन्टारिओ वैद्यकीय शाळा तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी आठ महिने छोट्या गावांत ठेवते. जपानने तर 1972 मध्येच जिची विद्यापीठ काढलं. तिथे प्रत्येक प्रांतातून मुलं निवडली जातात आणि परत आपल्या प्रांतात नऊ वर्षं सेवा करतात.

या सगळ्यांच्या मुळाशी एक जुनं निरीक्षण आहे. गावातून आलेला आणि गावात शिकलेला डॉक्टर गावात राहण्याची शक्यता जास्त असते. आपल्याकडे नीटच्या गुणांवर प्रवेश होतो. सत्तर टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांसाठी ठेवणारा, 2020 पर्यंत असलेला विभागवार 70:30 कोटाही गेला. तो गेला हे अनेकांना योग्य वाटलं, मला त्यात काही बाजू पटतात. पण त्यामुळे अकोल्याचा मुलगा नगरच्या महाविद्यालयात येईलच असं सांगता येत नाही. म्हणून जिथे मूळ गाव आपल्या हातात नाही, तिथे निदान शिकण्याचं गाव तरी आपण ठरवू शकतो.

नियम आज या कामाला आड येत नाहीत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीच्या रुग्णालयांत काम करणं सक्तीचं केलंय. एमबीबीएसच्या मुलांना कुटुंबं दत्तक दिली जातात. पदविकांचा मार्गही आहे. मुंबईचं कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स 1912 पासूनचं. त्याच्या पदविकांनी एकेकाळी कित्येक जिल्हा रुग्णालयांत बाळंतपण आणि बालरोग शिकलेली माणसं दिली, तो मार्ग आता अडखळला आहे. त्याच्या जागी राष्ट्रीय परीक्षा मंडळाचे दोन वर्षांचे डिप्लोमा आहेत, तेही जिल्हा रुग्णालयात चालवता येतात. कर्जत आणि पाथर्डीच्या उपजिल्हा रुग्णालयांत एक भूलतज्ज्ञ आणि एक स्त्रीरोगतज्ज्ञ कायम असेल, सोबत शिकणारे असतील, तर रात्रीचं सिझर नगरला रेफर करावं लागणार नाही. आज रेफर म्हणजे 108 ची गाडी, खड्डे, आणि वाटेत जाणारा वेळ.

धोके झाकून ठेवू नयेत. महाविद्यालय आलं की जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे जातं. जिल्हा शल्यचिकित्सक, त्यांची लसी-शिबिरं-दाखल्यांची कामं आणि तालुक्यांवरची देखरेख यांचं मग काय होतं, हे आधी ठरलं नाही तर तालुके पोरके होतात. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात एकाच दिवशी दहा नव्या वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. अध्यापक मात्र त्या वेगाने तयार होत नाहीत. नांदेडचं शासकीय महाविद्यालय जुनं, मोठं, तरी 2023 च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथे चोवीस तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बाळं होती. आसपासच्या जिल्ह्यांतून अगदी शेवटच्या अवस्थेत रुग्ण तिथे येऊन पोचतात, हे त्या दिवशी सगळ्या राज्याला कळलं. तालुके कमजोर राहिले तर मोठं रुग्णालयही बुडतं. आणि नगरच्या जिल्हा रुग्णालयातली 6 नोव्हेंबर 2021 ची आग आपण विसरू शकत नाही. अतिदक्षता विभागात करोनाचे रुग्ण होते, किमान अकरा जणांचे प्राण गेले. ज्या कुटुंबांनी ते सोसलं त्यांच्यासाठी नवं रुग्णालय म्हणजे आधी सुरक्षित रुग्णालय असायला हवं. विजेची जोडणी, धुराचे इशारे, बाहेर पडायचा दरवाजा आणि तिथे रात्री जागी असलेली प्रशिक्षित सिस्टर, हे सारं आलं.

शिकवण्यामुळे रुग्णसेवा सुधारते, याची कारणं साधी आहेत. वॉर्डात रात्रीही डॉक्टर असतो, कारण निवासी डॉक्टरला तिथेच राहावं लागतं. प्रत्येक रुग्णाची केस लिहिली जाते, कारण सकाळी कोणीतरी विचारणार असतं. मृत्यू झाला तर तो बैठकीत मांडला जातो, काय चुकलं याची चर्चा होते. विद्यार्थ्याने प्रश्न विचारला की प्राध्यापकालाही पुन्हा वाचावं लागतं. या सवयी इमारतीसोबत आपोआप येत नाहीत, आणि त्या फक्त नगरपुरत्या ठेवायच्याही नाहीत. मृत्यूंची बैठक महिन्यातून एकदा कर्जतमध्ये झाली, नगरचे प्राध्यापक तिथे गेले आणि प्राथमिक केंद्रांचे वैद्यकीय अधिकारी बसले, तर त्या एका दिवसात जेवढं शिकणं होईल तेवढं परिपत्रकांनी होणार नाही.

म्हणून आराखडा पक्का होण्याआधी काही गोष्टी त्यात असायला हव्यात. नगरच्या मुख्य रुग्णालयाबरोबर चार-पाच ठिकाणी छोट्या क्लिनिकल शाखा असाव्यात. अकोले-राजूर, संगमनेर, पाथर्डी, कर्जत आणि जामखेड. प्रत्येक ठिकाणी आठ-दहा मुलामुलींना आणि एखाद्या प्राध्यापकाच्या कुटुंबाला राहता येईल अशी घरं. तालुक्यांतल्या अनुभवी फॅमिली डॉक्टरांना आणि निवृत्त तज्ज्ञांना मानधनावर शिकवण्याची रीतसर पदं. ज्येष्ठ आशा ताई आणि परिचारिकांना शिक्षक म्हणून मान आणि पैसे. जामखेडच्या प्रकल्पाशी कागदी नव्हे तर अभ्यासक्रमात लिहिलेला करार. जिल्हा शल्यचिकित्सक आणि अधिष्ठाता यांच्या अधिकारांची स्पष्ट वाटणी. लोणी आणि विळद घाटातल्या महाविद्यालयांशी तालुक्यांची विभागणी, म्हणजे एकाच गावात तीन संस्थांची शिबिरं आणि शेजारच्या गावात एकही नाही, असं व्हायला नको.

मुलं महाविद्यालयात दाखल झाल्यापासून वॉर्डात यायला साधारण वर्षभर जातं. राजूरला आठ खाटांचं वसतिगृह आणि तिथे राहणारा एक फिजिशियन मिळवायला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून ते काम मुख्य इमारतीच्या पायाबरोबरच सुरू व्हायला हवं.